धंद्यासाठी पहिल्यांदा परदेशात जाताय? हे चार ‘प’ घरीच पक्के करा



आपल्या अकोल्या-अमरावतीत धंदा कशावर चालतो? ओळखीवर. अडत्याला फोन केला की माल गाडीत चढतो. बँकेत एखादा कागद कमी पडला तर ‘उद्या आणून देतो, साहेब’ म्हटलं तरी काम पुढं सरकतं. मूर्तिजापूरजवळ गाडी बंद पडली तर तासाभरात कुणाचा तरी पुतण्या मोटारसायकल घेऊन हजर होतो. ही आपली मोठी ताकद आहे, राजेहो. पण धंद्यासाठी तुम्ही देशाबाहेर पाय ठेवला की ही ताकद विमानतळाच्या अलीकडेच राहते. तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही, भाषा येत नाही आणि हातात असतात फक्त चार-पाच दिवस. तिथं तुमच्या वतीनं बोलतो तो कागद.

आणि आता आपल्याकडून माणसं जायला लागली आहेत. वरुड-मोर्शीच्या संत्र्यावर प्रक्रिया करणारा, अकोल्याचा दालमिलवाला, मसाला-पापडाचा ब्रँड करू पाहणारी ताई, यांना दुबईचं गल्फूड प्रदर्शन बघायचं असतं. मशीन किंवा घाऊक माल शोधणारा चीनला निघतो. तिथं ग्वांगझूचा कँटन फेअर १९५७ पासून भरतो, वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन टप्प्यांत. तुमच्या मालाचा टप्पा कोणता हे न बघता तिकीट काढलं तर तुम्ही तिथं पोचाल तेव्हा फर्निचर किंवा कपड्यांचा टप्पा चालू असेल!

मोठ्या कंपनीचा माणूस परदेशात फसला तर कंपनीचे पैसे जातात. तुम्ही फसलात तर तुमचं खेळतं भांडवल जातं, म्हणजे पुढच्या हंगामाचा कच्चा माल जातो. म्हणून आज फिरण्याच्या टिपा नकोत. धंद्याच्या माणसानं घरूनच पक्क्या करायच्या चार गोष्टी बघू: पासपोर्ट, पैसा, पिशवी आणि पार्टी.

पहिला ‘प’: पासपोर्ट आणि त्याच्यासोबतचे कागद

पासपोर्ट आहे ना? मग आधी तो उघडून शेवटची तारीख बघा. बरेच देश प्रवासाच्या तारखेपासून किमान ६ महिने मुदत शिल्लक मागतात. ४ महिने उरले असतील तर मुंबईच्या काउंटरवर कितीही विनवण्या करा, विमानात बसू देणार नाहीत. आपल्या विदर्भाचं विभागीय पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. १० वर्षांच्या ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला वर आणखी २,०००. आज प्रदर्शनाचा विचार डोक्यात आला असेल तर आजच अर्ज करा. व्हिसा, स्वस्त तिकीट, हॉटेल हे सगळं त्याच्यानंतर येतं.

दुसरं, व्हिसा कशाचा आहे? फिरायचा आणि व्यापाराचा व्हिसा वेगवेगळा असू शकतो. चीनचा व्यापारी भेटीचा व्हिसा ‘एम’ प्रकारचा असतो आणि त्याला तिथलं निमंत्रण लागतं. तुम्ही प्रदर्शन फक्त बघणार, की स्टॉल लावून माल विकणार, हे एजंटला स्पष्ट सांगा आणि त्या व्हिसावर काय चालतं हे लेखी घ्या. ‘चालते ना भाऊ, सगळेच जातात’ हे उत्तर इमिग्रेशनच्या खिडकीवर कामाला येत नाही.

तिसरं, प्रती. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, विमा, तिकीट, हॉटेलचं बुकिंग, प्रदर्शनाचा पास यांचे तीन संच करा. एक बॅगेत, एक मोबाइलमध्ये आणि ईमेलवर, एक घरी. सोबत पासपोर्ट आकाराचे चार फोटो.

आणि चौथं, पासपोर्ट तारण म्हणून कुणाकडंही ठेवायचा नाही. एजंट, दुभाषी, गाडीवाला, मालाचा पुरवठादार, कुणीही मागू दे. आपला पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातच तसं लिहिलं आहे. हॉटेलवाला नोंदीसाठी घेतो, पान स्कॅन करतो आणि परत देतो. तो परत हातात येईपर्यंत काउंटरवरून हलायचं नाही.

दुसरा ‘प’: पैसा, आणि त्याचे तीन खिसे

सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात, म्हणून जरा सावकाश बघू.

आधी मर्यादा. भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता किंवा पाठवता येते. तुमच्या-माझ्यासाठी ती पुष्कळ झाली. खरी मर्यादा रोख नोटांची आहे. बहुतेक देशांना जाताना एका फेरीत ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेता येतात, बाकीचे पैसे कार्डावर. आपले रुपये? ते माणशी २५,००० पर्यंत सोबत ठेवता येतात. परतताना मुंबईत टॅक्सी आणि अमरावती एक्स्प्रेस पकडायला ते लागतातच.

चलन कुठून घ्यायचं? बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडून, पावतीसकट. ५०,००० रुपयांच्या वरचं चलन रोखीनं विकत घेता येत नाही, चेक किंवा खात्यातूनच पैसे द्यावे लागतात. एखादा ‘ओळखीचा’ दुकानदार बिनपावतीचे डॉलर दोन रुपये स्वस्त देतो म्हणाला तर हात जोडून निघून या. नोट खोटी निघाली तर दाद कुणाकडं मागणार? आणि ‘हे डॉलर कुठून आणले’ असं विचारलं तर दाखवणार काय?

टीसीएसची भीती अनेकांना वाटते. १ एप्रिल २०२५ पासून, वर्षभरात बाहेर नेलेली रक्कम १० लाखांच्या आत असेल तर प्रवासाच्या चलनावर टीसीएस कापत नाहीत. टूर पॅकेजचा हिशेब मात्र वेगळा असतो आणि दर बदलत राहतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी विचारून घ्या. कापला गेला तरी तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. फक्त तेवढे पैसे काही महिने अडकतात, ते बजेटमध्ये धरा.

आता पैसे तीन खिशांत वाटा.

- पहिला खिसा, फॉरेक्स कार्ड: खर्चातला मोठा वाटा यावर. ज्या देशात जाताय त्याच देशाचं चलन भरा. दुबईसाठी दिरहॅम, सिंगापूरसाठी तिथला डॉलर. भरताना जो दर लागला तो लागला, नंतर रोज वर-खाली नाही. पिन घरीच बदला.
- दुसरा खिसा, रोख: दोन दिवस टॅक्सी, जेवण, पाणी भागेल एवढी. सुट्या नोटा मागून घ्या. विमानतळावरच्या काउंटरचा दर बहुतेक वेळा महाग असतो, म्हणून चलन निघण्याआधीच घ्या.
- तिसरा खिसा, राखीव कार्ड: तुमचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड. हे पाकिटात ठेवायचं नाही, बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायचं. पाकीट गेलं तरी घरी परत येता आलं पाहिजे.

राखीव कार्डाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड फक्त भारतात चालतं. परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून तुम्हाला स्वतः चालू करावा लागतो. तो निघण्याआधी चालू करा, मर्यादा कमी ठेवा आणि परत आल्यावर बंद करा. आणि बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो, त्या सिमवर रोमिंग चालू ठेवा. तिथलं स्वस्त सिम टाकण्यासाठी हे सिम काढून ठेवलं तर कार्ड हातात असून पैसे निघायचे नाहीत.

दुकानात कार्ड दिलं की मशीन विचारतं, ‘रुपयांत की दिरहॅममध्ये?’ आपल्याला रुपये ओळखीचे वाटतात म्हणून बोट तिकडं जातं. तिथंच पैसे जातात. समजा बिल १,००० दिरहॅमचं आहे आणि दिरहॅमचा भाव २५ रुपये धरला, तर होतात २५,०००. रुपयांत बदलून देताना मशीनवाल्यानं ४ टक्के चढवले तर १,००० रुपये फुकट गेले. रोज दोन-तीन बिलं असतात, पाच दिवसांचा हिशेब तुम्हीच करा. कायम तिथलंच चलन निवडायचं.

यूपीआय? संयुक्त अरब अमिरात, सिंगापूर, फ्रान्स, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान इथं काही दुकानांत चालतं. ‘काही’ या शब्दाकडं लक्ष द्या. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करून ठेवा, पण सगळा भरवसा त्यावर टाकू नका. चीनमध्ये तर चहावालासुद्धा अलीपे किंवा वुईचॅटनं पैसे घेतो. ही ॲप घरीच डाउनलोड करा, ओळख पडताळणी करा आणि आपलं कार्ड जोडून बघा. तिथल्या इंटरनेटवर गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब बंद असतात. म्हणून हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत छापून खिशात ठेवा. टॅक्सीवाल्याला तो कागद दाखवला की झालं.

शेवटी बिलं. धंद्यासाठी केलेला प्रवास हा धंद्याचा खर्च आहे, पण बिल असेल तरच. हॉटेल, तिकीट, प्रदर्शनाची फी, सगळं एका पाकिटात. बोर्डिंग पास फेकू नका. सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाची आंतरराष्ट्रीय सहकार्य योजना आहे, तिच्यात विमानभाडं आणि स्टॉलच्या भाड्याला मदत मिळते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि अर्ज संघटनेमार्फत प्रदर्शनाच्या खूप आधी जातो. परत आल्यावर विचारून उपयोग नाही.

उरलेलं चलन? २,००० डॉलरपर्यंत नोटा पुढच्या फेरीसाठी जवळ ठेवता येतात. त्यावरचं १८० दिवसांत बँकेला परत विकायचं.

तिसरा ‘प’: पिशवी

आपल्याकडं कुणी गावाला निघालं की शेजारची काकू म्हणते, ‘आमच्या बाळ्यासाठी एवढा डबा ने बाबा.’ आणि नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. परदेशाच्या बाबतीत ते जमवावंच लागेल.

मुंबईच्या एका जोडप्याची गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. २०१९ मध्ये ते दोघं कतारला निघाले. नात्यातल्याच एका बाईनं कुणाला तरी द्यायला म्हणून एक पाकीट दिलं. दोह्याच्या विमानतळावर त्यातून ४ किलोच्या वर चरस निघालं. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. भारतात तपास होऊन त्यांना गोवण्यात आलं होतं हे पुढं आलं, तिथल्या कोर्टानं २०२१ मध्ये निर्दोष सोडलं, पण तोपर्यंत पावणेदोन वर्षं तुरुंगात गेली होती. ‘माझं नाही, दुसऱ्याचं आहे’ हे वाक्य सगळेच म्हणतात, त्यामुळं ते कुणी ऐकत नाही. बॅगेवर तुमच्या नावाचा टॅग आहे ना, मग आतलं सगळं तुमचं.

म्हणून नियम एकच: बॅग स्वतः भरायची, कुलूप स्वतः लावायचं, आणि उघडून न दाखवलेली कुणाचीही वस्तू घ्यायची नाही. सख्ख्या मामाची असली तरी.

आता आपल्या स्वयंपाकघराकडं आणि पानठेल्याकडं येऊ.

- खसखस: आपल्या मसाल्यात साधी गोष्ट. संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेली. मसाल्याचे नमुने घेऊन जाणाऱ्यांनो, घटक तपासा. तुमच्या गोडा मसाल्यात खसखस असेल तर तो नमुना दुबईला न्यायचाच नाही.
- खर्रा आणि गुटखा: ही विदर्भाची सवय घरी ठेवून जा. सिंगापूरला तोंडात धरायचा तंबाखू नेणं गुन्हा आहे, दुबईतही तो चालत नाही. सिंगापुरात तर १९९२ पासून च्युइंगम आणण्यावरही बंदी आहे.
- ई-सिगारेट: थायलंड आणि सिंगापूर दोन्हीकडं बंदी.
- औषधं: खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, काही दुखण्याच्या गोळ्यांत ट्रामाडॉल. आखातात ही नियंत्रित औषधं आहेत. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, मूळ पाकीट आणि लागतील तेवढेच दिवस. शंका असेल तर त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर आधी बघा.
- ताजी संत्री, बियाणं, रोपं: यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागू शकतं. नमुना म्हणून दोन संत्री बॅगेत टाकण्यापेक्षा डबाबंद रस किंवा मार्मालेड न्या.

कोरड्या मालाच्या नमुन्यांसोबत लेटरहेडवर एक यादी ठेवा: वस्तू, वजन, अंदाजे किंमत आणि ‘नमुना, विक्रीसाठी नाही’ हे इंग्रजीत. कस्टमच्या माणसानं विचारलं तर तोंडानं समजावत बसण्यापेक्षा हा एक कागद भारी पडतो.

रोख पैशांचंही तसंच. दुबईत ६०,००० दिरहॅमच्या वर, सिंगापुरात २०,००० सिंगापूर डॉलरच्या वर रोकड असेल तर उतरताना जाहीर करावी लागते. चीनला परकीय रोख ५,००० डॉलरच्या वर असेल तर तोच नियम. भारतात परतताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा, किंवा नोटा आणि बाकी सगळं मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर कस्टमला लिहून द्या. जाहीर करणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे.

चौथा ‘प’: पार्टी

इथं जातात ते मोठे पैसे. पाकीट मारलं तर दहा हजार जातात, चुकीच्या पार्टीला ॲडव्हान्स दिला तर पाच लाख.

प्रदर्शनात काय होतं बघा. स्टॉल चकचकीत, माणूस गोड, चहा आला, आणि मग तो म्हणतो, ‘ऑफर फक्त आजची.’ तिथं एकच वाक्य पाठ करून जा: ‘कोटेशन द्या, मी भारतातून कळवतो.’ प्रदर्शनात ॲडव्हान्स द्यायचा नाही, हा नियम निघण्याआधी घरच्यांसमोर ठरवून टाका. जो खरा कारखानदार आहे तो पंधरा दिवस थांबतो.

मालाचे पैसे कसे द्यायचे? फॉरेक्स कार्डातून नाही, भाच्याच्या मित्रामार्फत तर मुळीच नाही. आयात-निर्यात कोड घ्या, तो परकीय व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. मग पुरवठादाराचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस घेऊन आपल्या चालू खात्यातून बँकेमार्फत पैसे पाठवा. हवाला स्वस्त वाटतो, पण फेमा कायद्याखाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि माल आला नाही तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

पैसे पाठवण्याआधी तीन तपासण्या:

१. बँक खात्याचं नाव आणि कंपनीचं नाव एकच आहे का? खातं एखाद्या माणसाच्या नावावर असेल तर थांबा.
२. ‘आमचं खातं बदललं आहे, नव्या खात्यात पाठवा’ असा मेल आला का? मेलवर उत्तर देऊ नका. प्रदर्शनात घेतलेल्या जुन्या नंबरवर व्हिडिओ कॉल करून विचारा. ईमेल हॅक करून असेच पैसे पळवतात.
३. पहिली ऑर्डर लहान आहे का? आधी एक खोका मागवा, मग कंटेनर.

तुम्ही विकणारे असाल तर उलट बाजूनं बघा. खरेदीदारच तुमच्याकडून ‘नोंदणी फी’ किंवा ‘वकिलाची फी’ आधी मागत असेल तर तो खरेदीदार नाही. खरी मोठी ऑर्डर आली तर उधारी देण्याआधी ईसीजीसीच्या विम्याची चौकशी करा. परदेशी पार्टीनं पैसे बुडवले तर आधार देण्यासाठीच ती सरकारी कंपनी आहे.

आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नाही. चिनी असो वा अरबी, इंग्रजी प्रत मिळेपर्यंत पेन खिशातच.

अडचण आलीच तर

पासपोर्ट हरवला, तर आधी पोलिसांत तक्रार, मग ती प्रत घेऊन भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. घरी परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र तिथं मिळतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. कार्ड हरवलं, तर आधी बँकेला फोन. तो नंबर मोबाइलसोबत कागदावरही हवा, कारण बऱ्याचदा मोबाइल आणि पाकीट एकदमच जातात.

हे नंबर लिहून घ्या: अमिरातीत पोलिस ९९९, दुबईतलं भारतीयांचं मदत केंद्र ८००४६३४२, चीनमध्ये पोलिस ११०, थायलंडमध्ये पर्यटक पोलिस ११५५, सिंगापुरात पोलिस ९९९. ऑनलाइन फसवणूक झाली तर घरच्यांनी इथून लगेच १९३० वर कळवायचं.

प्रवास विमा घेताना शुगर-बीपी लपवू नका. तिथल्या दवाखान्याचं बिल पाहिल्यावर विम्याचा हप्ता आठवतो. हॉटेल प्रदर्शनाजवळ घ्या, रात्री फक्त अधिकृत टॅक्सी, आणि स्टॉलवर नव्यानं ओळख झालेल्याला खोली नंबर सांगायचा नाही. एकट्या जाणाऱ्या ताईंनी तर हे तिन्ही पाळाच.

घरी एक माणूस जबाबदार ठेवा, बायको, नवरा, भाऊ, कुणीही. त्याच्याकडं कागदांचा संच, रोज रात्री एक ठरलेला फोन, आणि एक गुप्त प्रश्न. ‘मी अडकलोय, लगेच दोन लाख टाका’ असा फोन अगदी तुमच्या आवाजात आला, तरी घरच्यांनी आधी तो प्रश्न विचारायचा. आवाजाची नक्कल आता मशीन करतं, पण ‘आपल्या पहिल्या म्हशीचं नाव काय’ हे मशीनला कुठून ठाऊक?

या आठवड्याचा गृहपाठ

तिकीट अजून काढलं नसलं तरी चालेल. एक वही घ्या आणि चार पानं करा.

पहिल्या पानावर पासपोर्टची शेवटची तारीख आणि उद्यम नोंदणी, आयात-निर्यात कोड आहे की नाही ते लिहा. दुसऱ्या पानावर फेरीचं बजेट, तीन खिशांत वाटलेलं. तिसऱ्या पानावर सोबत न्यायच्या नमुन्यांची यादी, प्रत्येकाच्या घटकांसकट. चौथ्या पानावर ज्या पार्ट्यांना भेटायचं त्यांची नावं आणि प्रत्येकीला विचारायचे पाच प्रश्न.

ही चार पानं भरली की एजंटकडं जा. तो सांगेल ते ऐकण्याऐवजी तुम्ही त्याला प्रश्न विचाराल. चार पानांतलं जे रिकामं राहिलं असेल ते कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत तिथूनच सुरुवात करू.